जाते, गळा आणि प्रबंध

पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले होते आणि प्रवेशाच्या नोंदवहीत मान घालून आम्ही घरी बसलो होतो. इतक्यात आमचे एक स्नेही भिजत आले. छत्री कोपऱ्यात ठेवून, चहाचीही वाट न पाहता त्यांनी विषयाला हात घातला.

"सर, तुम्ही मराठीचे एम. ए. आणि माझ्या मुलीचे गुरुजी. तेव्हा निवाडा तुम्हीच करा. तिला एका विद्यापीठाच्या संगीत विभागात पीएच.डी.साठी प्रवेश मिळतो आहे. आनंदच आहे. पण तिथे म्हणे नुसता प्रबंध लिहून भागत नाही. दोन तास गाऊन दाखवायचे आणि ते गाणेही संशोधनातच धरायचे! आता गाणे म्हणजे गाणे. त्याला संशोधन कसे म्हणायचे? बरे, गाणार काय, तर आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. याचसाठी का मी तिला इतकी वर्षे पेटी नि तानपुरा आणून दिला?"

या प्रश्नामागे दुसरा प्रश्न उभा होता. तोही त्यांनी लपवला नाही. कन्येचे बी.एड. झाले आहे, शिक्षकभरतीची जाहिरात निघण्याचा संभव आहे, आणि संगीताची डॉक्टरेट घेऊन पुढे करायचे काय, हे त्यांना कोणी सांगत नव्हते. बापाची काळजी ती. तिला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांत जे वाचले, आठवले आणि पुढे डोळ्यांनी पाहिले, ते वाचकांपुढे ठेवतो. कारण हा प्रश्न एकाच घरातला असेल असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम एक गोष्ट आमच्या गावाविषयी. गाणे म्हणजे फुरसतीची करमणूक, असे म्हणणाऱ्याने निदान सिल्वासात तरी जपून बोलावे. 2 ऑगस्ट 1954 रोजी हे गाव पोर्तुगिजांच्या अमलातून सुटले, आणि ते सोडवण्याच्या उठावात जे मराठी तरुण उतरले त्यांत संगीतकार सुधीर फडके होते. त्या कार्यासाठी निधी उभा राहावा म्हणून लता मंगेशकर गायल्या. पुढच्याच वर्षी फडक्यांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर गीतरामायणाला आरंभ केला. म्हणजे गळ्याचे काम आणि गंभीर काम अशी वाटणी या भूमीने तरी मान्य केलेली नाही. पण संशोधन ही आणखी वेगळी वस्तू आहे, असे आमचे स्नेही म्हणतील, आणि ते योग्यच आहे. तेव्हा त्याच वाटेने पुढे जाऊ.

वापीला गाडीत बसून उत्तरेकडे गेले की तीन-चार तासांत बडोदे येते. तेथे 1886 साली महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली. गाणे हे उस्तादाच्या घरी, त्याची मर्जी सांभाळून मिळवायची विद्या होती. ते वर्गात बसून, स्वरलिपी वाचून शिकता येईल, ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती. त्याच बडोद्यात 1916 साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि ही गायनशाळा त्याच्या छत्राखाली आली; आज ती 'फॅकल्टी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स' या नावाने चालते. दक्षिणेकडे गेले तर मुंबई. तेथील विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा आरंभी डॉ. अशोक रानडे यांनी वाहिली. सिल्वासा या दोन नगरांच्या मध्ये आहे. आमच्या मुलीबाळी गाणे शिकायला एक तर वर जातात किंवा खाली, हे त्यामुळे स्वाभाविक होय.

विद्यापीठात गाणे आले खरे, पण येताना त्याला एक अडचण सोसावी लागली. विद्यापीठाची भाषा लेखनाची. परीक्षक तिथे वाचतो. ऐकण्याची त्याला सवय नसते. तेव्हा गायकाने काय करावे? त्याने 'अमुक घराण्याचे संगीतातील योगदान' या नावाचे तीनशे पानी बाड लिहावे, त्यात कोण कोणाचा शिष्य याच्या याद्या द्याव्यात आणि पदवी घ्यावी. असे प्रबंध आम्ही पाहिले आहेत. त्यांतील काही उत्तम आहेत. परंतु पुष्कळांची शेवटची पाने उलटेपर्यंत एक स्वरही कानी पडत नाही. लिहिणारा आयुष्यभर गात आला आहे, याचा पत्ता प्रबंधावरून लागत नाही.

वास्तविक आपल्या परंपरेत ही फारकत नव्हती. देवगिरीला यादवराजा सिंघणाच्या पदरी तेराव्या शतकात शार्ङ्गदेव होऊन गेला. त्याचा 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ अवघ्या हिंदुस्थानात प्रमाण मानला जातो, आणि तो मराठी मुलखात सिद्ध झाला, हे आपण विसरतो. जुने ग्रंथकार दोन शब्द जोडीने वापरीत: लक्ष्य आणि लक्षण. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष गायिले जाणारे, आणि लक्षण म्हणजे त्याविषयी शास्त्र जे सांगते ते. दोहोंत अंतर पडले की शास्त्र नव्याने मांडावे लागते. भातखंडे पेशाने वकील. जुनी शास्त्रे सांगतात एक आणि गवई गातात दुसरे, हे त्यांनी पुराव्यानिशी पाहिले. गवयांच्या दारी जाऊन चिजा मिळवल्या, लिहून घेतल्या, आणि आपल्या संस्कृत ग्रंथाच्या नावातच 'लक्ष्यसंगीत' हा शब्द घातला. गाणे आधी, शास्त्र मागून, हा त्यांचा क्रम होता. त्यांची 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' मूळ मराठीत आहे, हेही येथे नमूद करण्याजोगे.

पण भातखंडे संग्राहक नि शास्त्रकार म्हणून ओळखले जातात. गाणाऱ्याने स्वतःच्या गाण्यातून प्रश्न उचलावा आणि गाण्यातच त्याचे उत्तर शोधावे, याचे उदाहरण हवे असेल तर ते डॉ. प्रभा अत्रे यांचे. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे त्या शिकल्या. ख्यालात सरगम म्हणावी की नाही, म्हटली तर किती, याविषयी जाणत्यांत मतभेद होते. नुसती स्वरनामे उच्चारणे हे शिकाऊ विद्यार्थ्याचे काम, असे मानणारेही होते. प्रभाताई सरगम गात. टीका झाली तेव्हा त्यांनी ती सोडली नाही आणि तिच्यासाठी भांडतही बसल्या नाहीत. त्यांनी तिचाच अभ्यास मांडला आणि सरगम हाच आपल्या पीएच.डी.चा विषय केला. पुढे 1979 ते 1992 या काळात मुंबईच्या श्रीमती नाथीबाई ठाकरसी महिला विद्यापीठात त्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. 13 जानेवारी 2024 रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या बाबतीत प्रबंध कोठे संपतो आणि मैफल कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड आहे. प्रबंधातील विधान पटत नसेल त्याने मैफलीला जाऊन बसावे, आणि मैफलीतली सरगम ज्याला खटकली असेल त्याने प्रबंध उघडावा.

डॉ. रानडे यांची वाट थोडी निराळी. ते गजाननबुवा जोशी आणि प्रा. बी. आर. देवधर यांच्यासारख्यांकडे शिकलेले; त्यामुळे लिहिताना गळा विसरत नसत. 1975 साली त्यांचा 'लोकसंगीतशास्त्र' हा ग्रंथ आला. परंतु ते ग्रंथावर थांबले नाहीत. 'बैठकीची लावणी', 'देवगाणी' असे कार्यक्रम त्यांनी बांधले. विस्मृतीत चाललेल्या चाली शोधायच्या, त्या कोठे, कोणासमोर, कशासाठी गायिल्या जात हे निश्चित करायचे, आणि मग गायकांकडून त्या श्रोत्यांपुढे गाववून घ्यायच्या. श्रोत्याला वाटे आपण गाणे ऐकतो आहोत. वस्तुतः तो एका संशोधनाची तपासणी करीत असे. 2011 साली रानडे गेले, तरी त्यांनी दाखवलेली ही रीत मागे राहिली आहे.

परदेशांतही विद्यापीठे याच निष्कर्षाला आली आहेत. फिनलंडच्या सिबेलियस अकादमीत वादक-गायकांना डॉक्टरेटसाठी मैफलींची मालिका सादर करावी लागते आणि जोडीला लेखी भाग द्यावा लागतो. तिकडे अशा उद्योगाला कलाधिष्ठित संशोधन अशा अर्थाची नावे दिली जातात. आम्हां मराठी माणसांना मात्र नव्या नावाची फारशी गरज नसावी. नाटकाचा 'प्रयोग' होतो आणि प्रयोगशाळेतही 'प्रयोग'च होतो. दोहोंसाठी एकच शब्द आपल्या भाषेने राखून ठेवला आहे. करून पाहिल्याशिवाय कळत नाही अशी काही ज्ञाने आहेत, हा विचार त्या शब्दाच्या पोटात आधीपासून आहे.

तथापि या वाटेवर एक धोका आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. उद्या कोणीही उठून मैफल करील आणि म्हणेल, हेच माझे संशोधन. तसे चालणार नाही. प्रयोगशाळेतील प्रयोगाला प्रश्न असतो, पद्धत असते, नोंद असते, आणि दुसऱ्याने तो करून पाहावा व चूक असेल तर दाखवावी अशी सोय असते. गाण्यातील संशोधनालाही या चार गोष्टी लागतात. त्या नसतील तर ती उत्तम मैफल असेल, परंतु तिला प्रबंधाच्या पंक्तीला बसवता येणार नाही. आमच्या स्नेह्यांच्या शंकेत इतके सत्य निश्चित होते.

हे सारे लिहिताना आम्हांला आमचीच एक चूक आठवते. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचे स्नेहसंमेलन होते. एका वारली विद्यार्थ्याचे वडील तारपा वाजवीत. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधायला मेण, अशा साहित्याचे हे वाद्य आमच्या या प्रदेशाची ओळखच आहे. आम्ही मोठ्या हौसेने त्या गृहस्थांना बोलावले, मायक्रोफोनसमोर उभे केले आणि पाच मिनिटे दिली. त्यांनी विचारले, "नाचणारे कुठे?" आम्ही म्हणालो, नाच नंतर, आधी नुसते वाजवा. त्यांनी वाजवायला घेतले, मध्येच थांबले आणि म्हणाले, "पाय नाहीत मास्तर, तर काय वाजवू?" आम्हांला तो हेकटपणा वाटला. टाळ्या वाजवून आम्ही पुढच्या कार्यक्रमाकडे वळलो.

तो हेकटपणा नव्हता. तारपेवाला मध्ये असतो, त्याच्याभोवती फेर फिरतो. त्याची चाल बदलली की पावले बदलतात, आणि पावलांचा जोर पाहून तो चाल बदलतो. पाय काढून घेतले की तारप्याचे निम्मे संगीत नाहीसे होते. ही माहिती त्या गृहस्थांच्या चार शब्दांत होती. एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाला ती कळली नाही, कारण ती पुस्तकात लिहिलेली नव्हती.

आठव्या दिवशी, रविवारी, आम्ही स्नेह्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मातोश्रींचे वय 84 आहे. नाशिक जिल्ह्यातील पेठच्या बाजूच्या एका खेड्यातून मुलाच्या नोकरीपायी त्या इकडे आल्या, तेव्हा ट्रंकेबरोबर दगडी जातेही घेऊन आल्या होत्या. गिरणी जवळ असल्यामुळे ते कित्येक वर्षे परसात तुळशीकुंडीखाली पडून होते. नातीने ते बाहेर काढून धुतले आहे.

"सर, आधी दोन मुद्रणे ऐका," ती म्हणाली. पहिले आजी पलंगावर बसलेली असतानाचे. आजींनी चार-पाच ओव्या म्हटल्या, चाल नीट होती, आणि मग "पुढचं काही आठवत नाही गं" असे म्हणून त्या थांबल्या. दुसरे मुद्रण जात्यापाशी बसून केलेले. समोर नात, मध्ये जाते, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. धान्य नावापुरते मूठभर. येथे ओव्या एकामागून एक येत राहिल्या. आम्ही तिसापर्यंत मोजल्या. पलंगावर ज्या आठवत नव्हत्या त्या हात फिरू लागताच कोठून आल्या?

"मी आधी तानपुरा लावून आजीच्या ओव्या म्हणून दाखवल्या," मुलगी सांगू लागली. "आजी म्हणाली, गातेस चांगली, पण दळत नाहीस. मला राग आला. मग महिनाभर रोज तिच्याबरोबर जात्यावर बसले. तेव्हा लक्षात आलं की मी चरणाच्या शेवटी श्वास घेते आणि आजी हात परत येताना घेते. मग शब्द मध्येच तुटतो. कागदावर लिहिताना आपण तो शब्द जोडून टाकतो, कारण अर्थ तसा लागतो. पण गाताना तो तुटलेलाच असतो, आणि त्या तुटण्यात लय आहे."

मग दोघींनी आम्हांला ते करून दाखवले. आजींचा आवाज थकला आहे. वरचा स्वर लागत नाही, तेथे त्या नुसताच दम सोडतात. पण घरघर सुरू झाली आणि त्या वाकल्या तेव्हा घरातील सारी माणसे दाराशी येऊन उभी राहिली. आमचे स्नेहीही. लहानपणी पहाटे याच आवाजाने जाग यायची, असे ते पुटपुटले.

या विषयावर याआधी काही झालेच नाही असे मात्र कोणी समजू नये. पुण्यात हेमा रायरकर आणि जन्माने फ्रेंच असलेले गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्यासारख्या संगीताच्या अभ्यासकाच्या मदतीने काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. 2017 पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हा संग्रह लोकांपुढे आणीत आहे. एवढा डोंगर उभा असताना या मुलीने आणखी काय करायचे, असे विचारता येईल. आम्ही तिला विचारलेही. ती म्हणाली, "संग्रहात ओव्या आहेत, सर. मला खुंटा हातात धरल्यावर गळ्याचं काय होतं ते पाहायचं आहे. एका आजीवरून काही सिद्ध होत नाही. पेठ, सुरगाणा, धरमपूरकडच्या बायकांकडे जाणार आहे. त्यांचा हात आणि श्वास असाच चालतो की नाही, ते पाहीन. नसेल चालत तर तसं लिहीन."

प्रश्न, पद्धत, नोंद, आणि चूक निघाल्यास ती मान्य करण्याची तयारी: चारही गोष्टी या उत्तरात होत्या. दोन तासांचे गायन प्रबंधाबरोबर का हवे, हेही उलगडले. जात्यासह आणि जात्याविना अशा दोन्ही रीतींनी ती गाणार आहे. परीक्षकांनी फरक कानांनी पारखायचा आहे. तो ऐकू आला नाही, तर तिचे म्हणणे तिथेच पडेल. यापेक्षा कठोर परीक्षा लेखी प्रबंधाला तरी कोठे असते?

निवाडा देणे आता प्राप्त होते. "हे संशोधन आहे," असे आम्ही स्पष्ट सांगितले. नोकरीच्या प्रश्नावर मात्र आम्ही त्यांना खोटा धीर दिला नाही. संगीताची डॉक्टरेट झालेल्यांसाठी जागा थोड्या आहेत, हे खरेच. परंतु बी.एड.चे प्रमाणपत्र कोठे पळून जात नाही. भरतीची जाहिरात आज हुकली तर पुन्हा निघेल. आजींच्या आवाजाची जाहिरात पुन्हा निघणार नाही. हे वाक्य आजींसमोर बोलून गेलो आणि जीभ चावली. पण त्याच हसल्या. म्हणाल्या, "खरं आहे मास्तर. घेऊ दे पोरीला काय घ्यायचं ते. माझ्याबरोबर नेऊन काय करू?"

स्नेह्यांनी होकार दिला नाही. "बघू" एवढेच म्हणाले. वाचकांना ठाऊकच आहे की बापाचे 'बघू' हे नकारापासून बरेच दूर असते. आम्हीही अधिक ताणले नाही.

आता दोन शब्द आपल्या सर्वांसाठी. महाराष्ट्राबाहेर आपण पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, पुस्तके जपली, गणेशोत्सव जपले, नाटके केली. पण घरातील वृद्ध स्त्रियांच्या गळ्यात जे आहे ते आपण मोजलेच नाही, कारण ते कामाबरोबर येत असे आणि काम गेले. कोणाच्या घरी पाळण्याची गाणी असतील, कोणाच्या घरी भोंडल्याची, हादग्याची, घाणा भरतानाची. ती गाणी त्यांना खुर्चीत बसवून विचारू नका. पाळण्याची दोरी हातात द्या, मुसळ हातात द्या आणि मग ऐका. आज प्रत्येकाच्या खिशात मुद्रणाचे यंत्र आहे. गाणारीचे नाव, माहेरचे गाव, कोणते काम करताना म्हणत, एवढे लिहून ठेवा. आणि शक्य तर आपणही हात लावून बरोबर म्हणा.

लेख येथे संपवणार होतो, तोच परवा स्नेह्यांचा फोन आला. मुलीविषयी ते काही बोलले नाहीत. "सर, जात्याचा दगड गुळगुळीत झालाय, दाणा नुसता सरकतो. टाकी लावून देणारा कोणी ठाऊक आहे का? आई म्हणते, टाकी लावल्याशिवाय जात्याला आवाज येणार नाही." सिल्वासात असा कारागीर आम्हांस आढळला नाही. वापी, धरमपूर अथवा पेठ या बाजूस कोणा वाचकाच्या माहितीत असल्यास त्यांनी कृपया मासिकाच्या पत्त्यावर कळवावे.